शक्य असल्यास संधी द्यावी

पडवळताईंनी उभ्या आयुष्यात कुणाला 'चालते व्हा' म्हटलं नसेल, आणि आमच्या कंपनीने त्यांना नेमकं तेच काम दिलं होतं. फरक इतकाच की ते माणसांना नव्हे, कोडला म्हणायचं होतं.

कंपनीचा धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भोसरीच्या वर्कशॉपमधून आणि चाकणकडच्या लहानमोठ्या कारखान्यांतून पत्रा ठोकणारी जी प्रेस मशीनं दिवसभर धडधडत असतात, त्यांच्या शेजारी एक छोटा पडदा लावलेला असतो. त्या पडद्यातलं सॉफ्टवेअर आम्ही तळवड्यात बसून तयार करतो. किती नग निघाले, किती वाया गेले, ठरलेला आकडा झाला की मशीन थांबव, असली कामं ते करतं. प्रत्येक वर्कशॉपची तऱ्हा वेगळी, म्हणून मालक किंवा सुपरवायझर आमच्या वेबसाइटवरची माहितीपुस्तिका उघडतो, तिथला चार ओळींचा कोड उचलतो आणि आपल्या मशीनला चिकटवतो. पुस्तिका इंग्रजीत होतीच. भोसरीवाल्यांच्या आग्रहामुळे मराठीतही काढली होती.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की त्यातल्या काही आज्ञा जुन्या होतात. त्या थोडे दिवस चालतात आणि मग एखाद्या आवृत्तीत कायमच्या बंद पडतात. तोवर पुस्तिकेत त्यांच्या डोक्यावर एक पट्टी लावायची असते, की बाबांनो, हे जुनं झालं, आता वापरू नका. खरं तर हे उभ्या उभ्या उरकायचं काम. पडवळताई एका पट्टीला अर्धा दिवस लावत.

त्यांचं पूर्ण नाव शालन पडवळ. चाकणच्या अलीकडच्या गावातलं जुनं शेतकरी घर. घरातला एकजण शेताकडे बघतो, बाकीचे सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत शिफ्ट करतात. ताई मराठीत एम.ए. झालेल्या. बरीच वर्षं एका खासगी शाळेत शिकवत होत्या. ती शाळा बंद पडली आणि त्या आमच्याकडे आल्या, पुस्तिकेचं मराठी सांभाळायला. बोलताना त्या पक्क्या गावाकडच्या, 'व्हय' आणि 'न्हाई'वाल्या. लिहायला बसल्या की मात्र थेट पाठ्यपुस्तक. एकाच तोंडातून आणि एकाच हातातून दोन वेगळ्या बायका बाहेर पडाव्यात, तसं वाटायचं.

मुलाखतीत आमच्या मॅनेजरने, भूषणने, त्यांच्यापुढे एक जुनी आज्ञा ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही आता वापरायची नाही, असं लोकांना सांगा. एका ओळीत." भूषण वयाने ताईंपेक्षा पुष्कळ लहान, स्वभावाने बरा, पण 'जुनं ते डिलीट' या मताचा. ताईंनी कागद ओढला, चष्मा लावला आणि लिहिलं: 'सदर आज्ञेने आजवर उत्तम सेवा बजावली आहे. तथापि काळाच्या ओघात तिच्यापेक्षा अधिक सोयीची आज्ञा उपलब्ध झाली असल्याने सुज्ञ वाचकांनी तिचाही विचार करावा.' भूषणने ते दोनदा वाचलं. मग मला आत बोलावलं आणि मलाही वाचायला दिलं. मी टेस्टर, म्हणजे चुका काढण्याचाच पगार घेणारा. मला शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही, हेच काय ते सांगता आलं.

तरी त्यांना घेतलं, कारण दुसरं कुणी आलंच नव्हतं. मराठी पुस्तिकेवर कंपनीतल्या वरच्या लोकांचं पहिल्यापासून फारसं प्रेम नव्हतं. त्यांना तो नसता व्याप वाटायचा. कधी एकदा निमित्त मिळतं आणि बंद करतो, अशी गत. पुस्तिका गेली की ताईही गेल्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानात सांगितलं होतं.

त्यांचं टेबल माझ्या शेजारी. बसल्या बसल्या त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर पट्टीचा रंग बदलला. आमची पट्टी लाल होती. ताई म्हणाल्या, "लाल न्हाई चालायची. पेपरावर फुली मारल्यागत दिसतं." शाळेतही त्या लाल पेन वापरत नसत, असं त्यांच्याकडूनच कळलं. चुकलेल्या उत्तरापुढे त्या लिहायच्या, 'प्रयत्न चांगला आहे. बरोबर उत्तर मात्र वेगळे आहे.' मुलं म्हणे तेवढ्यावर खूश होऊन घरी जायची आणि पुढच्या परीक्षेत तेच उत्तर पुन्हा लिहायची. हे सांगताना ताईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तर आमची पट्टी लालची पिवळी झाली. पिवळीसुद्धा कसली, अगदी हळदीची. मग ऑफिसात म्हण पडली. एखादी आज्ञा जुनी झाली की पोरं विचारायची, "ताई, आज कुणाला हळद?" ताई हसायच्या नाहीत. गंभीरपणे नाव सांगायच्या.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या देवाच्या आरतीसारखा पाळत. नुसतं 'नको' म्हणायचं नाही. "नको म्हटलं की समोरचा इचारतो, मग काय? त्याचं उत्तर आधी तयार पाहिजे." त्यामुळे प्रत्येक जुन्या आज्ञेच्या पट्टीत तिच्या जागी कोण आलं, त्याचं नाव, त्याचे गुण आणि ते कसं वापरायचं, हे सगळं असे. कामापुरता हा नियम चांगलाच होता. पण ताईंना कामापुरतं काही पाळता येत नसे. ऑफिसातलं चहाचं मशीन बिघडत चाललं होतं, तर त्यांनी त्यावर कागद चिकटवला: 'हे यंत्र चालू आहे. परंतु चहा चांगला लागत नाही. खालच्या टपरीवर जावे.' मशीनवाल्याने तक्रार केली. भूषणने कागद काढायला लावला, तेव्हा ताईंनी विचारलं, "मग लोकांनी काय करावं म्हणता?" भूषण म्हणाला, "नंतर बघू." ताई तिथून हलल्याच नाहीत. त्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या, अगदी शांतपणे, वर्गात उत्तराची वाट बघावी तशा. शेवटी भूषणने नवं मशीन मागवलं आणि मगच त्याला जेवायला जाता आलं.

दुसरा नियम असा, की जुनं पान पुसायचं नाही. भूषणच्या मते जुन्या आज्ञांची पानं म्हणजे अडगळ. ताई म्हणायच्या, "माणूस जुन्याच नावानं शोधत येतो. तो दारात आला की त्याला सांगायचं, बाबा, ते आता इथं ऱ्हात न्हाईत, अमक्या घरी गेले. दारच पाडलं तर त्यो बिचारा कुणाला इचारंल?"

हे त्यांच्या भागातल्या माणसांना शिकवावं लागत नाही. चाकणकडे पत्ता सांगायचा तर आज काय आहे यावर भागत नाही, आधी काय होतं तेही सांगावं लागतं. गावच्या जत्रेला ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा फोनवर मला रस्ता सांगितला. "आत आलास की जिथं कांद्याची चाळ होती तिथं डावीकडं वळ. आता तिथं टायरचं गोडाऊन हाय. फुडं आमच्या चुलत सासऱ्यांची हीर होती, ती बुजवली, तिथं गाड्या धुत्यात. तिथून कुणालाबी इचार." मी टायरच्या गोडाऊनशी वळलो, गाड्या धुण्याच्या जागेशी थांबलो आणि बरोबर पोचलो. ताईंच्या पद्धतीचं कौतुक करावं म्हणून तोंड उघडणार, तर भूषण मोबाइलवरच्या नकाशाने माझ्या आधी अर्धा तास पोचून दुसरी पुरणपोळी खात बसला होता. तेव्हा त्या नियमाबद्दल मी काही बोललो नाही.

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण मग बिराजदारांचं प्रकरण झालं.

बिराजदार मूळचे लातूरकडचे. भोसरीत त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, चाकणच्या एका मोठ्या कंपनीला ते पत्र्याचे लहान भाग पुरवतात. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि मराठी पुस्तिकेचा पहिला भक्त. नग मोजायला ते 'रीड-काउंट' नावाची आज्ञा वापरायचे. तिच्यात एक खोड होती. वीज गेली की मोजलेला आकडा पुसला जायचा, आणि भोसरीत वीज कधी जाईल ते कुणी सांगावं. म्हणून आम्ही 'गेट-काउंट' आणली, जी आकडा लक्षात ठेवते. रीड-काउंटला ताईंनी वेळेवर हळद लावली होती. पुढे नव्या आवृत्तीत रीड-काउंट बंद झाली आणि बिराजदारांच्या पडद्यांनी सकाळच्या शिफ्टला मोजणंच सोडून दिलं. माणसांनी हाताने मोजून खोकी भरली. खोक्यांत नग कमी गेले, चाकणच्या कंपनीने सगळा माल परत धाडला आणि पुन्हा असं झालं तर ऑर्डर दुसऱ्याला देऊ म्हणून सांगितलं.

बिराजदार तडक तळवड्याला आले. रिसेप्शनवर त्यांचा आवाज फुटला तो आमच्या मजल्यापर्यंत ऐकू आला. भूषणने ताईंना आणि मला बोलावलं.

"ताई, मी काय म्हणायलो," बिराजदार म्हणाले, "हे बंद होणार म्हणून कुठं सांगितलंव तुमी?"

"पुस्तिकेत लिहिलं होतं की ओ," ताई म्हणाल्या. "पिवळी पट्टी हाय तिथं."

"वाचली की! पाठ हाय मला." आणि त्यांनी खरोखर म्हणून दाखवली: "'सदर आज्ञा दीर्घकाळ सेवेत असून, शक्य असल्यास नूतन आज्ञेस संधी द्यावी.' मी म्हणलो, द्यावी की संधी, दिवाळीनंतर. आता शिजन चालू हाय. आता मला काय माहीत, ती दिवाळीआधीच मरणार म्हणून?"

मला हसू येत होतं आणि ते किती वाईट दिसेल हेही कळत होतं. ताईंचा चेहरा मात्र उतरला. पट्टी त्यांनीच लावली होती, वेळेवर लावली होती, सुवाच्य लावली होती, आणि वाचणाऱ्याने ती शब्दन् शब्द वाचली होती. तरी माणूस बुडता बुडता वाचला. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्याला उठा म्हणत नाहीत, 'दमला असाल, जरा टेकता का' म्हणतात. कोडलाही त्यांनी तेच म्हटलं होतं.

बिराजदार गेल्यावर भूषणने दार लावलं. "ताई, वरून विचारणा होणार. मी एवढंच सांगू शकतो की पुढच्या आवृत्तीत आणखी आज्ञा बंद होतायत. तेव्हा मराठी पुस्तिकेमुळे अशी एक जरी तक्रार आली, तरी मला पुस्तिका वाचवता येणार नाही."

ताई जागेवर आल्या आणि सगळ्या पट्ट्या नव्याने लिहायला बसल्या. मी शेजारून बघत होतो. त्यांनी लिहिलं, 'वापरू नका.' बराच वेळ त्या शब्दांकडे बघितलं. मग पुढे लिहिलं, 'ही नम्र विनंती.' मी म्हटलं, "ताई, विनंती काढा." त्यांनी काढली. थोड्या वेळाने बघतो तर 'कृपया' आलेलं. मी ते काढायला लावलं, तर दुसऱ्या ओळीत 'क्षमस्व'. दिवसभर आमचा हा खेळ चालला होता. पाहुण्याला दारापर्यंत पोचवून पुन्हा 'चहा घेऊन जा' म्हणत आत आणणाऱ्या बायका असतात, तशातली गत. संध्याकाळपर्यंत कशीबशी सगळी पुस्तिका कोरडी झाली. 'वापरू नका. पुढच्या आवृत्तीत बंद होणार. याऐवजी हे वापरा.' ताईंना ते वाचवेना.

"आता तरी ऐकतील," मी म्हणालो.

"न्हाई ऐकायचे," ताई म्हणाल्या. "आमच्यात नुसत्या कागदावरचं आवतण धरत न्हाईत. पत्रिका पोचली तरी माणूस लग्नाला येत न्हाई. दारात जाऊन तोंडानं सांगावं लागतं, मग येतो. त्ये येण्याचं झालं. जाण्याचं तरी कागदावर कसं भागंल?" आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुझी स्कूटर हाय ना?"

स्कूटर होती, हाच माझा गुन्हा. पुढचे कित्येक शनिवार मी ताईंना मागे बसवून भोसरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. माझी सुट्टी, माझं पेट्रोल, माझी कंबर, यांपैकी कशाचीही त्यांनी चौकशी केली नाही. ठेवणीतली इरकली साडी, हातात पर्स, पर्समध्ये बंद होणाऱ्या आज्ञांचे कागद. अक्षता तेवढ्या नव्हत्या. वर्कशॉपच्या दारात उतरायचं, मालकाला हाक मारायची, आधी घरच्यांची विचारपूस करायची, चहा व्हायचा आणि मग विषय निघायचा. घाई केलेली त्यांना खपत नसे. एका दारात तर मालकाने आमचा थाट बघून आधीच विचारलं, "कुणाचं लगीन काढलं ताई?"

"लगीन न्हाई ओ. येत्या महिन्यात रन-टाइम जाणार हाय, ते सांगाया आलो."

"अरेरे!" त्यांनी टोपी काढली. "बरेच दिस आजारी होते का?"

ताईंनी त्यांना नीट समजावून सांगितलं, की रन-टाइम ही मशीन किती वेळ चाललं ते सांगणारी आज्ञा आहे आणि ती तुमच्याच पडद्यात आहे. मग तिच्या जागी कोणती येणार तेही सांगितलं. मालकाने सुपरवायझरला हाक मारली आणि आमच्यासमोर कोड बदलायला लावला. ताई म्हणायच्या तेच खरं होत होतं. दारात आलेल्याला माणूस 'दिवाळीनंतर' म्हणत नाही. सगळ्यात शेवटी आम्ही बिराजदारांकडे गेलो. त्यांनी आधीच सगळं बदललं होतं आणि शेजारच्या दोन वर्कशॉपमध्येही बदलून दिलं होतं, तरी ताईंनी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलंच. त्यांनीही मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

नवी आवृत्ती निघाली त्या दिवशी आम्ही फोनकडे डोळे लावून बसलो होतो. मराठीवाल्यांचा एकही फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. इंग्रजी पुस्तिकावाल्यांच्या तक्रारी मात्र येत होत्या, त्यांचे फोन उचलून पोरं दमली. मी ताईंना म्हटलं, जिंकलात. त्यांनी घरून सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले.

लाडू संपायच्या आत भूषण त्यांच्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. "ताई, वरच्यांनी तक्रारींचा तक्ता बघितला. इंग्रजीच्या एवढ्या तक्रारी, मराठीची एकही नाही. त्यांचं म्हणणं, मराठी पुस्तिका कुणी वापरतच नाही. महिनाअखेर बंद करायची."

मी उसळलोच. म्हटलं, "अरे राव, तक्रार आली तर बंद, नाही आली तरी बंद? मग करायचं काय माणसाने?" भूषण म्हणाला, "मी भांडलो. खरंच भांडलो." आणि ते खरं असावं, कारण त्याने लाडू घेतला नव्हता.

ताईंनी चष्मा लावला. त्यांनी पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं आणि वर पट्टी लावली. 'ही मराठी पुस्तिका महिनाअखेर बंद होत आहे. यापुढे वापरू नका. इंग्रजी पुस्तिका वापरा.' 'शक्य असल्यास' नाही, 'कृपया' नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका दमात पट्टी लिहिली आणि ती स्वतःच्याच कामावर. मग चष्मा काढून पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी उठून खिडकीशी गेलो आणि उगाच पार्किंगमधल्या गाड्या बघत बसलो.

वळून बघतो तर ताई पर्स आवरत होत्या. "शनवारी स्कूटर आण."

"ताई, आता कशाला? आपलीच पुस्तिका जायची आणि आपणच दवंडी पिटायची?"

"मग काय, त्यांनी एक दिवस उघडावी आन् कोरं पान बघावं? सांगायला नको?"

पुन्हा त्याच गल्ल्या, तीच दारं. मला वाटलं होतं, ताई निदान एवढं तरी म्हणतील की तुम्ही काही बोला, काही करा. छे. त्या इंग्रजी पुस्तिकेची तरफदारी करत फिरल्या. "चांगली हाय ती. चित्रं पण हायत. दोन दिवस जड जाईल, मग सवय व्हईल." मुलीला नांदायला पाठवताना समजूत काढावी तशा त्या ग्रीस लागलेल्या हातांच्या माणसांची समजूत काढत होत्या. माणसं ऐकून घेत होती आणि चहा पुढे करत होती. बिराजदारांनी तर बंद होण्याचं कारणही विचारून घेतलं आणि सगळं ऐकल्यावर सांगितलं, "ताई, तुमी सांगितलंव, मी ऐकलो. पण मी काही हे मानायलो न्हाई."

"तुमी न्हेमीच असं करता," ताई चिडून म्हणाल्या. "सांगून आयकत न्हाई."

सोमवारी भूषणचा फोन वाजायला लागला तो थांबेना. दुपारी रिसेप्शनवरच्या मुलीने घाबरून वर कळवलं, की खाली माणसं जमलीयत. भोसरीची निम्मी लेन आली होती, कुणी मोटरसायकलवर, कुणी टेम्पोत. सोफ्यावर बसले तर डाग पडतील म्हणून सगळे उभे होते. पुढे बिराजदार. भूषण खाली गेला, मागे मी. ताईंना यायला सांगितलं तर त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, मी त्यांना यायला सांगितलेलं न्हाई.

"साहेब," बिराजदार म्हणाले, "आमी तक्रार केली न्हाई म्हणून बंद करायलाव म्हणं?"

"तसं नाही हो, वरच्यांना वाटलं की कुणी वापरत नाही."

"बरं. मग आजपासून रोज एक तक्रार करतो. ह्यो गडी सकाळी करंल, त्यो दुपारी करंल. शिफ्ट लावलीय आमी."

भूषणने तिथूनच वरच्यांना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. त्यातून पलीकडच्यांनी काय ऐकलं ते मला माहीत नाही, पण बिराजदारांचा आवाज त्यांच्यापर्यंत फोनशिवायही पोचला असता. आठवड्याभरात निरोप आला, की मराठी पुस्तिका चालू राहील. भूषणने तो ताईंना सांगितला तेव्हा मला वाटलं त्या रडतील किंवा हसतील. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"एवढा घसा कोरडा केला! दारोदार फिरले! वापरू नका म्हणून सांगितलं, आन् एकानं, एकानं तरी ऐकावं?"

मला अजून ठरवता आलेलं नाही, की त्या खऱ्या चिडल्या होत्या की खऱ्या खूश झाल्या होत्या. बहुधा दोन्ही, कारण कान लाल झाले होते आणि लाडवांचा रिकामा डबा त्या पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

त्याच आठवड्यात माझी नोकरी सुटली, म्हणजे मीच सोडली. हिंजवडीला जास्त पगाराची मिळाली होती. शेवटच्या दिवशी बॅग खांद्याला लावून मी ताईंच्या टेबलाशी निरोप घ्यायला गेलो. भूषण तिथे उभा होता. "ताई, तेवढी पहिल्या पानावरची पट्टी काढून टाका आता. पुस्तिका चालू आहे आणि वर लिहिलंय बंद होतेय."

"काढायची कशाला?" ताई म्हणाल्या. "ज्यांनी वाचली त्यांना कळायला नको, पुढं काय झालं ते?"

भूषणने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो हात जोडून निघून गेला. ताईंनी मला थांबायला खुणावलं आणि त्या पट्टीच्या खाली टाइप करू लागल्या. एक बोट, एक अक्षर, अशी त्यांची पद्धत. मी कंपनीची कॅब चुकणार म्हणून घड्याळ बघत होतो. त्यांनी लिहिलं: 'वरील सूचना आता जुनी झाली आहे. ती पाळू नका. पुस्तिका खुशाल वापरा.'

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"'खुशाल' चालंल ना रे? जास्त तर न्हाई होत?"

मी म्हणालो, "राहू द्या ताई."

त्यांनी ते एकदा मोठ्याने वाचलं आणि राहू दिलं.